पहिला पे-पर-व्ह्यू नीट बघायचाय? मग रेसलमेनिया १७ घ्या आणि असा बघा

आपल्याकडे बहुतेकांचं रेसलिंग म्हणजे ट्रम्प कार्ड, हाइट-वेट-चेस्ट-बायसेप्स, अंडरटेकर हातात आला की डाव आपलाच, आणि टीव्हीवर येताजाता बघितलेले तुकडे. आख्खा पे-पर-व्ह्यू, म्हणजे वेगळे पैसे भरून बघायचा मोठा इव्हेंट, पहिल्या बेलपासून शेवटपर्यंत सलग बघितलेले लोक कमीच. मग कधीतरी मोबाईलवर एखादी क्लिप येते, जुनी आवड जागी होते, माणूस उत्साहात एखादा नवा इव्हेंट लावतो आणि अर्ध्या तासात बंद करतो, कारण कोण कुणावर का चिडलंय हेच कळत नाही. दोष इव्हेंटचा नसतो, पे-पर-व्ह्यू म्हणजे गोष्टीचा शेवट असतो आणि आपण थेट शेवटालाच येऊन बसतो.

म्हणून हे लिहितोय. ज्याला पे-पर-व्ह्यू बघायला शिकायचंय त्याने एक जुना इव्हेंट घ्यावा आणि तो व्यवस्थित, मागचं-पुढचं धरून बघावा. माझ्या मते त्यासाठी रेसलमेनिया १७ सारखा दुसरा नाही. १ एप्रिल २००१, ह्यूस्टनचं अ‍ॅस्ट्रोडोम, टेक्सास, कंपनीने जाहीर केलेला प्रेक्षकांचा आकडा ६७,९२५, आणि मेन इव्हेंटला द रॉक विरुद्ध स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन. तेव्हा कंपनीचं नाव डब्ल्यूडब्ल्यूएफ होतं, डब्ल्यूडब्ल्यूई नंतर २००२ मध्ये झालं, त्यामुळे जुना लोगो बघून गोंधळू नका.

आधी तो एक प्रश्न मिटवून टाकू, म्हणजे घरातलं कुणी मागून येऊन "हे सगळं खोटं असतं" म्हणालं तरी तुमचा मूड जाणार नाही. हो, कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असतं, लिहिणारे लोक असतात, मोठे मोठे डाव आधी बोलून ठेवलेले असतात. पण शिडीवरून टेबलावर पडणारी पाठ खरी असते, ऑस्टिनच्या मानेचं ऑपरेशन खरं होतं. ज्याला खरी कुस्ती बघायचीय त्याने महाराष्ट्र केसरी बघावी, तिथे चितपट झाला की विषय संपला. इथे खांदे टेकून तीन मोजेपर्यंत थांबायचं असतं, आणि सगळी मजा त्या दोन आणि तीनच्या मधल्या फटीत आहे.

आता मुख्य मुद्दा. कुठलीही टायटल मॅच बघताना "जास्त ताकदवान कोण" हा प्रश्न विचारायचाच नाही, तो ट्रम्प कार्डचा प्रश्न झाला. विचारायचं हे की बेल्टची गरज कुणाला जास्त आहे आणि त्यासाठी तो काय काय सोडायला तयार आहे. एवढं एक लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

बघण्याआधीचा अभ्यास (एक संध्याकाळ पुरते)

घाबरू नका, वर्षभराचे सगळे एपिसोड बघायची गरज नाही. चार-पाच ठिकाणं माहीत हवीत.

पहिलं, सर्व्हायव्हर सिरीज १९९९. पार्किंगमध्ये ऑस्टिनला गाडी उडवते. ही स्टोरी कशासाठी रचली, तर मानेच्या ऑपरेशनसाठी त्याला खरोखरच लांब सुट्टी हवी होती. पुढचं जवळपास वर्षभर तो नाही, आणि त्या वर्षात रॉक कंपनीचा सगळ्यात मोठा चेहरा होऊन बसतो. म्हणजे ऑस्टिन परत येतो तेव्हा त्याच्या खुर्चीवर दुसराच कुणीतरी बसलेला आहे, आणि तो दुसरा व्हिलन नाहीये, लोकांचा लाडका आहे. गोम इथेच आहे.

दुसरं, रॉयल रम्बल, २१ जानेवारी २००१. रम्बल म्हणजे खूप जणांची एकत्र मॅच, शेवटी उरेल तो जिंकला. ऑस्टिन तिसऱ्यांदा रम्बल जिंकतो. रम्बल जिंकणाऱ्याला रेसलमेनियाला टायटल मॅच मिळते, हा नियम डोक्यात ठेवा कारण आजही दरवर्षीचं कॅलेंडर यावरच चालतं: जानेवारीच्या आसपास रम्बल, मग मध्ये एखादा इव्हेंट, मग रेसलमेनिया.

तिसरं, नो वे आउट, २५ फेब्रुवारी २००१. एकाच रात्री दोन गोष्टी. रॉक कर्ट अँगलला हरवून सहाव्यांदा चॅम्पियन होतो, आणि ऑस्टिन ट्रिपल एचकडून तीन टप्प्यांच्या मॅचमध्ये हरतो. बरेच जण ही दुसरी मॅच सोडून देतात, पण सोडू नका. रेसलमेनियाच्या पाच आठवडे आधी हिरो हरून येतोय. रम्बल जिंकलेला माणूस, मान शिवून घेऊन परत आलेला माणूस, आणि तरी हरलेला. त्याच्या मनात शंका शिरलीय की आपण पूर्वीसारखे राहिलोच नाही की काय.

चौथं, रेसलमेनियाच्या आधी कॉमेंटेटर जिम रॉसने घेतलेला बसून इंटरव्ह्यू. दोघं समोरासमोर खुर्चीत, मारामारी नाही, आरडाओरडा नाही. रॉक नेहमीसारखा आत्मविश्वासात. ऑस्टिन मात्र सांगतो की मला तुला हरवायचंच आहे, तुला कल्पना येणार नाही इतकी मला त्याची गरज आहे. हे बोलतानाचा त्याचा चेहरा बघा. पहिल्यांदा बघताना ते हिरोचं बोलणं वाटतं, मॅच संपल्यावर परत लावलंत की कळतं, तो धोक्याचा कंदील होता.

पाचवं वेळ असेल तर, रेसलमेनिया १५, मार्च १९९९, फिलाडेल्फिया. हेच दोघं, तेव्हाही बेल्ट, तेव्हा ऑस्टिन जिंकला होता आणि रॉक मालकाच्या, म्हणजे व्हिन्स मॅकमेहॉनच्या, बाजूचा व्हिलन होता. कोण कुठल्या बाजूला होता हे नीट लक्षात ठेवा, दोन वर्षांनी हाच पत्ता उलटा पडणार आहे.

मधे अजून एक फाटा होता, व्हिन्सने ऑस्टिनची बायको डेब्राला रॉकची मॅनेजर करून टाकलं. तो भाग काही फारसा रंगला नाही, नाही बघितलात तरी चालेल.

थोडी भाषा

कॉमेंट्रीत आणि फॅन लोकांच्या बोलण्यात काही शब्द सारखे येतात. हिरो तो बेबीफेस किंवा नुसता फेस, व्हिलन तो हील. फेसचा हील झाला किंवा उलट झालं की टर्न. एंट्रीला लोक जो गलका करतात तो पॉप, शिव्या घालतात ती हीट. समोरच्याने मारलेलं लागलंय असं शरीरातून दाखवणं म्हणजे सेल करणं, आणि चांगला रेसलर ओळखायचा असेल तर तो मारतो कसा हे बघू नका, मार खाऊन उठतो कसा हे बघा. प्रत्येकाचा एक ठरलेला शेवटचा डाव असतो, तो फिनिशर: ऑस्टिनचा स्टनर, रॉकचा रॉक बॉटम आणि पीपल्स एल्बो. फिनिशर बसूनही माणूस दोनवर खांदा उचलतो तो किकआउट, आणि रेफरीचा तिसरा फटका मॅटवर पडता पडता राहिला तर निअर फॉल. कुणाच्याही मदतीशिवाय, लबाडीशिवाय जिंकलं तर क्लीन जिंकला म्हणतात. एवढं पुष्कळ झालं.

कार्ड कसं वाचायचं

कार्ड म्हणजे त्या रात्रीच्या मॅचेसची यादी. ती कशीही लावलेली नसते. साडेतीन तासांच्या वर प्रेक्षकांना बसवायचं असतं, त्यामुळे लोकांचा घसा कधी वापरायचा आणि कधी त्याला आराम द्यायचा याचा हिशेब असतो. १७ चं कार्ड यासाठी आदर्श आहे.

सुरुवात ख्रिस जेरिको विरुद्ध विल्यम रीगल, इंटरकॉन्टिनेंटल टायटल. हा बेल्ट परंपरेने दुसऱ्या नंबरचा, उद्या मोठा होऊ शकेल अशा माणसाच्या कमरेला असतो. वैराचं कारण काय, तर रीगल साहेब कमिशनर, अगदी इंग्लिश थाटाचे, आणि जेरिकोने त्यांच्या चहाच्या किटलीत लघवी करून ठेवली. झालं, एवढ्यावर मॅच. हसायला येतं, पण बघा की मॅचमध्ये रीगल जेरिकोच्या एकाच खांद्याच्या मागे लागतो, म्हणजे विनोदी भांडणातही रिंगमधलं काम शिस्तीत चाललंय. जेरिको बेल्ट राखतो, लोक खुश, गाडी सुरू.

त्यानंतरच्या मॅचेसमध्ये तुम्ही चहा करून आणू शकता, पण हार्डकोर टायटलची थोडी बघाच. केन, बिग शो आणि रेव्हन. या बेल्टला नियम असा होता की तो चोवीस तास, कुठेही, कुणीही पळवू शकतो, फक्त रेफरी हवा. त्यामुळे मॅच रिंगमध्ये कमी आणि स्टेडियमच्या आतल्या पॅसेजमध्ये जास्त, मध्येच गोल्फ कार्टची पळापळ. केन जिंकतो. या बेल्टच्या मागे "गरज" वगैरे काही शोधू नका, तो धुमाकुळासाठीच होता.

युरोपियन टायटल एडी गेरेरोने टेस्टकडून घेतलं, महिलांचं टायटल चायनाने आयव्हरीकडून अगदी झटपट घेतलं. चायनाची ती मॅच इतकी एकतर्फी आहे की तिला मॅच म्हणावं का हाच प्रश्न. आजच्या महिला रेसलर मेन इव्हेंट करतात, तेव्हा त्यांना काही मिनिटं मिळायची, त्यामुळे हा भाग बघताना चिडचिड झाली तर तुमचं काही चुकत नाहीये.

मध्ये कर्ट अँगल आणि क्रिस बेन्वाची मॅच आहे. तांत्रिकदृष्ट्या फार चांगली, पण २००७ मध्ये बेन्वाने बायको-मुलाचा खून करून आत्महत्या केली हे माहीत असताना ती मजेत बघणं अनेकांना जमत नाही. मी ती पुढे ढकलतो. तुम्ही तुमचं ठरवा.

मग येते व्हिन्स विरुद्ध त्याचा मुलगा शेन, स्ट्रीट फाइट, आणि इथे बेल्ट नाहीये. पे-पर-व्ह्यूमध्ये बेल्टशिवायच्या मॅचला जास्त मोठं कारण लागतं, आणि ते इथे होतं. आदल्याच महिन्यात डब्ल्यूडब्ल्यूएफने आपला मोठा शत्रू डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतला होता, आणि २६ मार्चला डब्ल्यूसीडब्ल्यूच्या नायट्रो या टीव्ही शोच्या शेवटच्या एपिसोडमध्ये शेन येऊन सांगतो की बाबा, कंपनी तुम्ही नाही, मी घेतली. खरा बिझनेस आणि खोटी गोष्ट यांची अशी सरमिसळ एका आठवड्यात केलेली क्वचितच सापडते. त्यात घरचा तमाशा वेगळा: व्हिन्सने बायको लिंडाला औषध देऊन व्हीलचेअरवर बसवून ठेवलेलं, वर ट्रिश स्ट्रॅटसबरोबर उघड उघड लफडं, मुलगी स्टेफनी बापाच्या बाजूने, रेफरी मिक फोली ज्याला व्हिन्सने आधी कामावरून काढलेलं. कौटुंबिक सिरीयलवाल्यांनी शिकावं असं आहे. लिंडा रिंगमध्ये खुर्चीत बसलेली आहे, व्हिन्स शेनला बडवायला कचऱ्याचा डबा घेऊन उभा आहे, आणि मागे ती सावकाश उठून उभी राहते. इथे व्हिन्सकडे बघू नका, मागचे प्रेक्षक बघा, त्यांना ती दिसते आणि त्याला दिसत नाही, आणि ६७ हजार लोकांचा आवाज चढत जातो. मग लाथ कुठे बसते ते बघाच.

शिड्या

टॅग टायटलची, म्हणजे जोड्यांच्या बेल्टची, टीएलसी मॅच: टेबल, शिडी, खुर्ची. डडली बॉईज चॅम्पियन, समोर हार्डी बंधू आणि एज-ख्रिश्चन. बेल्ट वर टांगलेले, शिडीवर चढून काढायचे, खांदे टेकवून पिन वगैरे काही नाही. ही मॅच एकटी बघण्यात अर्धीच मजा आहे, कारण याच तीन टीम्सची ही शिड्यांची तिसरी मॅच आहे. पहिली रेसलमेनिया २००० मध्ये, दुसरी त्याच वर्षी समरस्लॅममध्ये, आणि दोन्ही वेळा एज-ख्रिश्चननेच बेल्ट नेले होते. म्हणजे तिसऱ्यांदा बघताना प्रश्न हा की आता तरी हार्डींना मिळेल का. जेफ हार्डी वर बेल्टला लोंबकळतोय, पायाखाली शिडी नाही, आणि समोरच्या उंच शिडीवरून एज उडी मारून त्याला हवेतच स्पिअर मारतो, म्हणजे खांद्याने पोटात धडक. हा क्षण तुम्ही दहा वेळा क्लिपमध्ये बघितला असेल, पण सलग मॅचमध्ये बघताना त्याचं वजन वेगळं पडतं, कारण जेफचे हात बेल्टला लागलेले असतात.

अजून एक, या मॅचमध्ये बाहेरचे तीन लोक येतात, प्रत्येक टीमचा एक: स्पाइक, लीटा आणि रायनो. कोण कधी आला ते बघा. सगळ्यात जास्त कामाचा रायनो ठरतो, तो शिडी ढकलून मॅट हार्डी आणि बबा रे डडली या दोघांना एकदम रिंगबाहेरच्या टेबलांच्या थप्पीवर पाडतो आणि मग ख्रिश्चनला खांद्यावर घेऊन वर पोचवतो. एज-ख्रिश्चन तिसऱ्यांदा जिंकले, आणि तेही स्वतः न चढता. हीलने असंच जिंकायचं असतं.

एवढं झाल्यावर लोकांचा घसा बसलेला असतो, म्हणून पुढे काय ठेवलंय बघा: जुन्या जुन्या नमुन्यांची बॅटल रॉयल (वरच्या दोरीवरून बाहेर पडला तो बाद), कॉमेंट्रीलाही जुने बॉबी हीनन आणि जीन ओकरलंड. आयर्न शीक जिंकतो. का जिंकला, तर गुडघ्यांची अवस्था अशी होती की वरच्या दोरीवरून बाहेर पडणं त्याला झेपलं नसतं, म्हणून त्यालाच शेवटपर्यंत ठेवला असं सांगतात. खरं-खोटं असो, कारण पटतं.

मग अंडरटेकर विरुद्ध ट्रिपल एच. पुन्हा बेल्ट नाही. ट्रिपल एच म्हणतो मी सगळ्यांना हरवलं, टेकर म्हणतो मला नाही हरवलंस. वैर इतकं साधं असू शकतं. ट्रिपल एचच्या एंट्रीला मोटरहेड बँड लाइव्ह वाजवतो, बँडच्या गायकाला शब्द नीट आठवत नाहीत हे तुमच्याही लक्षात येईल. या मॅचची माझी आवडती गोष्ट म्हणजे रेफरी, तो आडवा होतो आणि आडवाच राहतो, हे दोघं तोपर्यंत प्रेक्षकांत जाऊन टॉवरवर चढून भांडून परत येतात तरी साहेब उठलेले नाहीत. टेकर जिंकतो आणि रेसलमेनियाचा हिशेब ९-० होतो. तेव्हा त्या आकड्याला आजच्याइतकं वलय नव्हतं, पुढे २०१४ मध्ये ब्रॉक लेस्नरने २१-१ केलं तेव्हा स्टेडियममध्ये लोक तोंडाला हात लावून बसले होते. आकडा मोठा होता होता त्याचंच टायटल झालं.

मेन इव्हेंट: इथे मोबाईल बाजूला ठेवा

आधी व्हिडिओ पॅकेज येतं, लिम्प बिझकिटच्या गाण्यावर कापलेलं. ते अजिबात स्किप करू नका, मागच्या दोन महिन्यांची सगळी गोष्ट तीन-चार मिनिटांत आहे, आणि आज इतक्या वर्षांनीही रेसलिंगवाले एकमेकांना "व्हिडिओ पॅकेज असावं तर असं" म्हणून तेच दाखवतात.

मग अनाउन्सर सांगतो की मॅच नो डिसक्वालिफिकेशन आहे, म्हणजे नियम मोडला तरी कुणी बाद नाही. हे आधी ठरलेलं नव्हतं, आत्ताच कळतंय. कॉमेंट्रीला बसलेला जिम रॉससुद्धा चक्रावतो, हे कुणी ठरवलं म्हणून. तुम्हीही तोच प्रश्न मनात ठेवा, उत्तर वीस-पंचवीस मिनिटांनी चालत येणार आहे.

काच फुटल्याचा आवाज येतो, ऑस्टिनची एंट्री. टेक्सास म्हणजे त्याचं घर. पॉप ऐका. मग रॉकची एंट्री, त्याच्यासाठी ओरडणारे आहेत पण शिव्याही ऐकू येतात. आवडत्या चॅम्पियनला शिव्या! दुसऱ्या कुठल्या शहरात हे झालं नसतं. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ या आवाजात आहे.

मॅच साधारण अठ्ठावीस मिनिटांची. घंटा वाजताच दोघं तुटून पडतात, हात मिळवणं नाही, एकमेकांभोवती फिरणं नाही. ऑस्टिन टर्नबकलचं, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यातलं, गादीचं कव्हर लवकरच काढून टाकतो. फेस माणसं असं करत नाहीत. ही पहिली खूण. रिंगची घंटा डोक्यात बसते, दोघांची कपाळं फुटतात. त्यानंतर डावांकडे लक्ष द्या, दोघं एकमेकांचे डाव चोरतात. रॉक ऑस्टिनलाच स्टनर मारतो, ऑस्टिन रॉकला रॉक बॉटम. दोघं एकमेकांना शार्पशूटर, म्हणजे पाय पिळून धरायचा डाव, लावतात, आणि रक्ताने माखलेला ऑस्टिन शार्पशूटरमध्ये अडकलेला दिसला की जुन्या फॅनला रेसलमेनिया १३ आठवतो, १९९७, ब्रेट हार्टने ऑस्टिनला तसंच धरलं होतं आणि तो शरण न जाता बेशुद्ध पडला होता. त्या रात्री लोकांनी ऑस्टिनला हिरो केलं. आज तीच पोज आहे, माणूस मात्र उलट्या दिशेला निघालाय. आणि ऑस्टिन मिलियन डॉलर ड्रीम नावाचा गळा आवळायचा डाव लावतो, जो त्याने कंपनीत आल्या आल्या रिंगमास्टर नावाने लढताना वापरला आणि मग सोडून दिला होता. म्हणजे हा माणूस पेटीच्या तळाशी पडलेली जुनी हत्यारंसुद्धा काढतोय. काहीच चालत नाहीये म्हणून.

किकआउट होतो तेव्हा रेफरीच्या हाताकडे बघा, मग लगेच ऑस्टिनच्या डोळ्यांकडे. प्रत्येक वेळी तो चिडत नाही, घाबरतो. फरक दिसतो.

आणि मग व्हिन्स चालत येतो. तुम्हाला वाटतं आता दोघांना त्रास देणार. रॉक पीपल्स एल्बो मारून पिन करतो आणि व्हिन्स पाय धरून त्याला ओढतो, ऑस्टिनला वाचवतो. पूर्ण स्टेडियम एक सेकंद गोंधळतं. पुढे ऑस्टिन स्वतः व्हिन्सकडे खुर्ची मागतो. ज्या मालकाशी चार वर्षं भांडून हा माणूस एवढा मोठा झाला, त्याच मालकाच्या हातून खुर्ची. खुर्ची किती वेळा पडते ते मोजा, सोळा वेळा, आणि मध्ये मध्ये जिम रॉसचा आवाज ऐका, तो ऑस्टिनचा मित्र आहे आणि त्याच्याने हे बघवत नाहीये. तीन मोजले जातात. नवा चॅम्पियन. मग दोघं हात मिळवतात, एकत्र बिअर पितात.

आता सुरुवातीचा प्रश्न परत विचारा, गरज कुणाला जास्त होती? रॉकला बेल्ट हवा होता, ऑस्टिनला त्याच्याशिवाय चालत नव्हतं, आणि किंमत म्हणून त्याने स्वतःचं सगळं नाव दिलं. इंटरव्ह्यूमध्ये त्याने हेच सांगितलं होतं, आपण ऐकलं नाही.

टर्न मात्र धंद्याच्या दृष्टीने फसला. टेक्सासचे लोक ऑस्टिनला शिव्या घालायच्या ऐवजी टाळ्याच वाजवत होते, आणि बाकी अमेरिकेलाही त्याला हील म्हणून बघायचं नव्हतं. स्वतः ऑस्टिनने नंतर सांगितलंय की परत संधी मिळाली तर मी तिथेच व्हिन्सला स्टनर मारून मोकळा होईन. माझं मत विचाराल तर गोष्ट म्हणून हा टर्न चोख आहे, चुकलं ते गाव. शिकागोत किंवा न्यूयॉर्कात केला असता तर कदाचित जमला असता.

एक सूचना, डोक्यात खुर्ची मारणं डब्ल्यूडब्ल्यूईने २०१० मध्ये बंद केलं, मेंदूला इजा होते म्हणून. त्यामुळे लहान मुलांबरोबर बघत असाल तर हा भाग नुसता "वाह" करून सोडू नका, दोन वाक्यं बोला. शाळेच्या बेंचवर आपण काय काय केलंय ते आपल्यालाच माहीत.

नंतर काय

दुसऱ्या दिवशीचा रॉ, म्हणजे त्यांचा दर आठवड्याचा टीव्ही शो, बघा, म्हणजे बघाच. रेसलमेनियानंतरचा रॉ हा निम्मा रेसलमेनियाच असतो. पिंजऱ्यात रॉक परत बेल्टसाठी लढतो, ट्रिपल एच येतो, आणि ज्या दोघांनी फेब्रुवारीत एकमेकांना रक्तबंबाळ केलं तेच एकत्र येऊन रॉकला झोपवतात. रॉक नंतर काही महिने गायब, स्टोरीत सस्पेंड, खऱ्यात सिनेमाचं शूटिंग. त्याच्यानंतर रॉक-ऑस्टिन जोडीचा शेवट रेसलमेनिया १९ मध्ये आहे, २००३, सिअ‍ॅटल. तिथे रॉक जिंकतो, आणि ऑस्टिन त्यानंतर २०२२ पर्यंत मॅच लढला नाही. १५, १७, १९ असा क्रम लावून तीन रात्रींत बघितलंत तर उत्तम.

मग नवं काहीतरी घ्या. रेसलमेनिया ४०, एप्रिल २०२४, फिलाडेल्फिया: कोडी ऱ्होड्स विरुद्ध रोमन रेन्स, रोमनकडे बेल्ट १,३१६ दिवस होता. इथेही तोच प्रश्न लावा, कोडीच्या घरात बाप डस्टी ऱ्होड्सला हा बेल्ट कधी मिळाला नव्हता, आणि सगळं तिथून सुरू होतं. त्याच्या पुढच्या वर्षी मार्चमध्ये टोरांटोला जॉन सीनाने हील टर्न केला, तोही रॉकच्या सांगण्यावरून कोडीला मारून. २००१ बघितलेला माणूस ते बघताना आपोआप पुढे सरकून बसतो.

लाइव्ह बघायचं असेल तर काही व्यवहाराच्या गोष्टी. आता पे-पर-व्ह्यू म्हणत नाहीत, प्रीमियम लाइव्ह इव्हेंट म्हणतात, कारण एकेका शोचे वेगळे पैसे भरायची पद्धत बहुतेक ठिकाणी गेली. एप्रिल २०२५ पासून भारतात हे सगळं नेटफ्लिक्सवर आहे, आधी टेन स्पोर्ट्स आणि सोनीवर असायचं. रेसलमेनिया २०२० पासून दोन रात्रींचा असतो, अमेरिकेतली शनिवार-रविवार संध्याकाळ म्हणजे आपल्याकडे रविवार आणि सोमवार पहाट. रविवारचं ठीक आहे, सोमवारी मेन इव्हेंट साधारण ऑफिसला निघायच्या वेळेला लागतो, त्यामुळे एक तर सुट्टी टाका किंवा संध्याकाळपर्यंत तग धरा. तग धरायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप म्यूट, इन्स्टा बंद, आणि यूट्यूब तर उघडूच नका, बेल्ट कुणाच्या खांद्यावर आहे ते थंबनेलमध्येच दिसतं.